श्रोता पाहिजे

आमच्या आंबागडात गाणाऱ्यांची टंचाई कधी पडली नाही. धान दगा देतो, वीज ऐन पाणी ओलायच्या वेळी जाते, शेळ्यांमागे जायला पोरगं मिळत नाही. पण भजन म्हणायला माणूस मिळाला नाही असं या गावात घडलेलं नाही. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर कुणी नुसतं खाकरलं, तरी चार जण "काळी दोन का काळी तीन?" असं विचारत सतरंजीवर येऊन बसतात. मिळत नाही तो ऐकणारा.

गावामागच्या डोंगरावर आमचा किल्ला आहे. देवगडच्या गोंड राजाच्या, बख्त बुलंदच्या, राज्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाखान पठाणाने तो बांधला असं सांगतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना वरच्या विहिरीचं शेवाळलेलं पाणी पाजत आणि मग त्यांच्या शिक्षेची मुदत मोजत बसायची गरज उरत नसे, असंही सांगितलं जातं. त्या काळात आमचं भजन मंडळ असतं तर विहीर खोदायचा खर्च वाचला असता, हे मत देवळाला लागून राहणाऱ्या गृहस्थांनी भर ग्रामसभेत मांडलं आहे. ठरावाला अनुमोदन मिळालं नाही, कारण अनुमोदन देऊ शकणारे सगळे मंडळाचे सभासद होते.

सेवानिवृत्त मास्तराला गावात बसायला तीनच जागा. पानठेला, ग्रामपंचायतीचा ओटा आणि भजन मंडळ. पानठेल्यावर माझे माजी विद्यार्थी खर्रा घोटत असतात. मी गेलो की बिचाऱ्यांना पुडी खिशात कोंबून शेतीच्या गोष्टी सुरू कराव्या लागतात. ओट्यावर बसलं की चहा यायच्या आत आपण कोणत्या गटाचे ते ठरून जातं. उरलं भजन मंडळ. घरी तसं जाहीर केलं तेव्हा सौभाग्यवती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तुमी? अन् भजन?"

"का? काय झालं?"

"काही नाही. शाळेत राष्ट्रगीत चालू असताना तुमी नुसते ओठ हालवत होते, हे अख्ख्या गावाले माहीत आहे म्हनून इचारलं."

ती स्वतः महिला भजन मंडळात आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यात व्यावसायिक असूया असणार असं समजून मी उठलो.

मंडळात प्रवेश घ्यायला परीक्षा नसते, मुलाखत असते. बुवांनी मला समोर बसवलं, तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि विचारलं, "गुरुजी, तुमचा स्वर कोनता?"

मी म्हटलं, "पहिला स्वर अ."

पेटीमास्तर पेटीवर डोकं टेकवून बराच वेळ हलत होते. ते भक्तीने हलत आहेत असं मला तेव्हा वाटलं.

आमचं मंडळ खंजिरी भजनाचं. ज्याने खंजिरी ऐकली नाही तो माणूस एक तर बहिरा असावा किंवा पुण्याचा. यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९ ते १९६८) खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. गाव झाडा, दारू सोडा, जातपात सोडा, सगळे मिळून प्रार्थनेला बसा, हे त्यांनी भजनातून सांगितलं आणि ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत लिहूनही ठेवलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांची ठिणगी होती. इंग्रजांनी त्यांना धरून तुरुंगात टाकलं. १९५५ साली ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. आमच्या खंजिरीनेही माणसं पेटतात, पण ती देवळाशेजारची, आणि इंग्रजांवर नव्हे, आमच्यावर. जपानचं म्हणाल तर आमचा आवाज अजून गावच्या पाण्याच्या टाकीपलीकडे गेलेला नाही. तोही वारा त्या दिशेचा असला तर.

सरावाची वेळ आठची. आठ वाजता देवळात फक्त मारुती हजर असतो. साडेआठला तबलजी येतो आणि हातोडी काढतो. तबला चढवणे या क्रियेला किती वेळ लागावा याला शास्त्रात मर्यादा सांगितलेली नसावी. तो एक गठ्ठा ठोकतो, कान लावतो, मान हलवतो, दुसरा गठ्ठा ठोकतो, पुन्हा पहिल्याकडे येतो. तबला लागला की डग्गा उतरतो. डग्गा लागेपर्यंत तबला रुसतो. दोन्ही लागले की पेटीमास्तर सांगतात, "आज आपल्याले पांढरी चारमधे म्हनाचं आहे." मग हातोडी परत बाहेर येते. एकदा एक नवखे पाहुणे हा ठोकाठोकीचा कार्यक्रम पूर्ण ऐकून उठले आणि "वा, मस्त झालं" म्हणून घरी गेले.

पेटीची गोष्ट वेगळीच. तिची एक काळी पट्टी बसलेली आहे. दाबली की खाली जाते आणि मनात आलं तर वाजते. त्यामुळे आमच्या प्रत्येक चालीत एका ठरावीक जागी लहानसा खड्डा येतो. आम्ही त्यावरून उडी मारायला इतके सरावलो आहोत की बाहेरगावचे जाणकार त्याला ‘आंबागडची हरकत’ म्हणून वाखाणतात. पेटी दुरुस्तीला न्यावी असा विषय निघाला तेव्हा पेटीमास्तरांनीच विरोध केला. "पेटी सुधरली तं आपल्यात अन् दुसऱ्या मंडळात फरक काय रायला?"

खंजिरी वाजवतो तो टुरा मंडळातला सर्वांत गुणी. पण पावसाळ्यात कातडं ओल धरतं, खंजिरी ढप्प वाजते, मग ती शेकावी लागते. एका श्रावणात खंजिरी चुलीवर धरलेली असताना बुवांनी त्याला ताल म्हणजे काय ते समजावून सांगायला घेतलं. ताल समजला तोवर खंजिरीच्या मधोमध वाटीएवढं भोक पडलं होतं. आता आमच्याकडे फायबरची आहे. ती ओली होत नाही, शेकावी लागत नाही आणि बुवांना बोलायला निमित्तही देत नाही, म्हणून बुवांना ती आवडत नाही.

बुवांचं हातखंडा भजन व्यसनमुक्तीचं. ते म्हणण्याआधी बुवा देवळामागे जाऊन तोंड मोकळं करून येतात. पहिल्या दोन कडव्यांत त्यांचा आवाज असा लागतो की ऐकणाऱ्याने खिशातली पुडी काढून फेकावी. तिसऱ्या कडव्याला तलफ येते. चौथं कडवं ते इतकं घाईने संपवतात की त्यातले तंबाखू, दारू आणि गांजा एकाच मात्रेत येऊन जातात. शेवटचा ठेका वाजेपर्यंत बुवा पुन्हा देवळामागे.

मी एकदा म्हटलं, "बुवा, एवढं छान म्हणता, मग सोडून का देत नाही?"

बुवा शांतपणे म्हणाले, "अनुभव नसला तं भाव कुठून येईन जी?"

मंडळातली माझी वाटचाल ही सेवापुस्तकात नोंदवावी अशी आहे, फक्त उलट्या बाजूने. सुरुवातीला मला मागे म्हणणाऱ्यांत बसवलं. बुवा एक ओळ म्हणणार, आम्ही ती उचलणार. परंतु जन्मभर वर्गात पुढचा शब्द सुचवण्यात गेलेली जीभ. बुवांच्या तोंडून ओळ निघायच्या आतच मी ती संपवून टाकायचो. बुवांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने. तिसऱ्या वेळी त्यांनी पेटी थांबवली. "गुरुजी, तुमचं झालं असंन तं मी सुरू करू का?"

मग टाळ दिला. टाळात काय आहे, दोन हात आणि दोन वाट्या! माझे हात बरोबर होते, वाट्याही बरोबर होत्या. त्या एकमेकींना भेटायच्या वेळेबद्दल मात्र माझं आणि तबलजीचं मतभेदाचं नातं निर्माण झालं. तो सज्जन माणूस. एका रात्री हातोडी बाजूला ठेवून मला कोपऱ्यात घेऊन गेला.

"राग नोका मानू गुरुजी, पन तुमी टाळ वाजवता तवा माह्यावाला ठेका मलेच परका वाटते."

तिसरी नेमणूक वही धरण्याची. आता वही म्हणजे मोबाईल. बुवांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्म्याने शोभत नाही, म्हणून मी त्यांच्यासमोर मोबाईल धरून बसायचं आणि ओळी वर सरकवायच्या. हे काम मला जमलं. एका तेरवीच्या कार्यक्रमात ऐन रंगात कर्ज हवंय का असं विचारणारा फोन आला. बुवांची तंद्री लागलेली. समोर जे आलं ते त्यांनी पट्टी न सोडता गायलं, आणि मागच्यांनीही ‘नाकारा’ आणि ‘स्वीकारा’ ही दोन्ही पदं दोनदोनदा उचलून धरली. श्रोत्यांतले एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "खरं आहे बाप्पा. मानसानं काय स्वीकाराव अन् काय नाकाराव, हेच तं कळत नाही."

तेरवीवरून आठवलं. आमच्या मंडळाला हक्काचा श्रोता मिळतो तो मयतीलाच. रात्रभर जागवायला आम्हाला आवर्जून बोलावतात. तिथे घरची मंडळी आपल्या दुःखात, शेजारी लाकडांच्या जुळवाजुळवीत, आणि ज्याच्यासाठी म्हणायचं त्याची तक्रार नसते. पण गावात पिकलं पान म्हणावं असा कुणी आजारी पडला की बुवा चौकशीला जातात, याचा लोक भलता अर्थ घेतात. गेल्या उन्हाळ्यात एक आजी बुवांना दारात पाहून उठून बसल्या आणि तेव्हापासून ठणठणीत आहेत. मंडळाने केलेलं हे एकमेव सिद्ध झालेलं समाजकार्य.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेपासून पुढे आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, पोरापोरींचे नंबर लावले जातात, घरोघरी वड्यांचा घाणा. दिवसा खडी गंमत, रात्री दंडार नाहीतर नाटक. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या दंडार, खडी गंमत, डहाका अशा कलांचा आयुष्यभर अभ्यास केला, लिहिलं, म्हणून बाहेरच्यांना कळलं की भंडारा-गोंदियाकडे एवढं काही आहे. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं, कारण आमच्या भजनाला माणसं का टिकत नाहीत याचं उत्तर नेहमी समोरच्या मैदानातून ऐकू येई.

एका मंडईत मंडळाने ठरवलं की लोकांना भक्तीची गोडी लावायची. देवळाच्या ओट्यावर बैठक घातली, भोंगा बांधला. बुवांनी नमन सुरू केलं तेव्हा समोर बरीच माणसं होती. तेवढ्यात पलीकडे खडी गंमतीच्या शाहिराने ढोलकीवर थाप मारली आणि लुगडं नेसून, पदर खोचून नाच्या उभा राहिला. पहिल्यांदा पोरं गेली. मग पोरांना शोधायला बाप गेले. बाप कुठे गेले ते पाहायला आया गेल्या. आमचा खंजिरीवाला "पानी पिऊन येतो" म्हणून उठला. हापसी त्याच्या पाठीमागे होती आणि तो पुढच्या दिशेने गेला. तबलजीला लघवी लागली. पेटीमास्तरांना घरी गाय सुटल्याचं अंतःप्रेरणेने कळलं. उरलो बुवा आणि मोबाईल धरलेला मी.

बुवांनी एक कडवं सोसलं. मग उठले. "तुमी बसा गुरुजी. कोन कोन गेलं ते मी पाहून येतो."

रिकामी सतरंजी, पेटी, तबला, डग्गा, समोर चालू माईक आणि मी. इतके दिवस लोकांच्या ओळी सरकवत होतो. आता अडवायला कुणी नव्हतं. मी माईक जवळ ओढला, डोळे मिटले आणि माझ्या मते काळी तीनमध्ये सुरुवात केली. परिणाम असा झाला की बुवांच्या रियाजाला जे जमलं नाही ते घडलं. खडी गंमत थांबली. ढोलकी थांबली. नाच्यासकट अर्धं मैदान ओट्याकडे धावत आलं. माझं मंडळ सगळ्यांच्या पुढे होतं. पेटीमास्तरांनी धापा टाकत माईकचं बटन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"आमाले वाटलं भोंग्यात कोनाले करंट लागला."

तेव्हापासून मंडळाने माईक आणि मी यांच्यात नेहमी किमान दोन सभासद बसतील अशी व्यवस्था केली आहे.

धान निघून गेलं, थंडी पडली की भजन स्पर्धांचा हंगाम येतो. तालुक्यातल्या एका गावी रात्रीची खंजिरी भजन स्पर्धा होती. पुरुष गट, महिला गट, बाल गट. दोन भजनं म्हणायची, एक महाराजांचं आणि एक समाजप्रबोधनाचं. वेळ बारा मिनिटं. गुण आवाजाला, चालीला, तालाला, शब्दोच्चाराला, शिस्तीला आणि गणवेशाला. पांढरे शर्ट-पायजमे आणि भगव्या टोप्या घालून आम्ही टेम्पोत बसलो. माझी नेमणूक ऐन वेळी सांगण्यात आली: सामानाची राखण. पेटीची पेटी, तबल्याच्या पिशव्या, सगळ्यांच्या शाली, चपला, आणि बुवांच्या पुड्यांचा स्वतंत्र डबा. "पुढेच बसा," सचिवांनी बजावलं, "अन् जागचे हालू नोका."

संध्याकाळी सातची स्पर्धा. दहापर्यंत उद्घाटन चाललं. ओट्यावर एवढे पाहुणे होते की हार कमी पडले आणि पहिल्या रांगेतल्यांचे काढून मागच्या रांगेला घातले गेले. प्रत्येक पाहुणा म्हणाला की मी फार वेळ घेणार नाही, कारण आपण सगळे भजन ऐकायला आलो आहोत. आणि बोलून झाल्यावर दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेला. मग चिठ्ठ्या निघाल्या. आमचा क्रमांक असा आला की तो ऐकून तबलजीने हातोडीच उशाला घेतली.

रात्री बारापर्यंत मंडप गच्च भरलेला होता. आयोजक छाती फुगवून सांगत होते, "पाहा, भजनाले किती गर्दी!" पण पुढे बसून राखण करणाऱ्या माणसाला सगळं दिसतं. ती गर्दी श्रोत्यांची नव्हतीच. सगळे आपापल्या नंबराची वाट पाहणारे भजनी. एक मंडळ म्हणत असतं आणि बाकीची मंडळं ओठांतल्या ओठांत स्वतःचं भजन घोकत, गुडघ्यावर स्वतःचाच ठेका धरत बसलेली. त्यातूनही ज्याला ऐकू येतं त्याला समोरच्याच्या फक्त चुका ऐकू येतात. "सूर लागला नाही बाप्पा त्यायचा." "टोप्या पाहा, एक भगवी अन् एक केसरी, शिस्तीचे गुन गेले." आणि ज्यांचं म्हणून झालं ते मंडळ ‘मी’पण सोडावं असं शेवटच्या कडव्यात सांगून, आपलं कसं झालं याची चौकशी करत, पेटी उचलून थेट टेम्पोत. दर बारा मिनिटांनी मंडपातली एकेक रांग उठून जात होती.

महिला गट मात्र पाहण्यासारखा झाला. सौभाग्यवतीच्या मंडळाने एकसारख्या साड्या नेसल्या होत्या. त्या साड्या निवडायला तुमसरच्या बाजारात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात एखादा सप्ताह पार पडला असता. पण म्हटलं मात्र नेटकं. खंजिरी वाजवणारी बाई दिवसभर रोवणी, कापणी करणारी; तिच्या मनगटात जे बळ होतं ते आमच्या अख्ख्या मंडळात नाही. सौभाग्यवतीने जाताना माझ्याकडे पाहिलं, शालींच्या ढिगातून माझं डोकं शोधलं आणि म्हणाली, "झोपू नोका. चपला जातीन."

पहाटे तीनच्या पुढे मंडपात परीक्षक, माईकवाला, सतरंज्या गोळा करायला टपलेला मंडपवाला, दोन कुत्री आणि मी एवढेच उरलो. एका परीक्षकाची मान नवरीसारखी खाली गेली होती. पेन मात्र हातात चालू होतं आणि गुण कागद सोडून टेबलावर पडत होते. आमचा नंबर आला तेव्हा बुवांना टेम्पोतून उठवून आणलं. थंडीने पेटीची ती बसलेली पट्टी नेमकी त्या रात्री वाजली. जिथे खड्डा यायचा तिथे सूर आला! सरावाने उडी मारलेलं सगळं मंडळ हवेतच राहिलं. बुवा खाली उतरले एका पट्टीत, मागचे दुसऱ्या पट्टीत, आणि खंजिरीवाला उतरलाच नाही. व्यसनमुक्तीचं भजन बारा मिनिटांच्या बरंच आधी संपलं, कारण डबा माझ्याजवळ होता आणि बुवांची नजर डब्यावर.

उजाडता उजाडता निकाल लागला. महिला गटात सौभाग्यवतीचं मंडळ पहिलं. आमचं कुठेच नव्हतं. उत्तेजनार्थ बक्षिसांत सुद्धा नाही. आयोजक माईक बंद करणार तेवढ्यात परीक्षकांपैकी एक म्हणाले की यंदा एक विशेष बक्षीस द्यायचं आहे. पहिल्या मंडळापासून शेवटच्या मंडळापर्यंत जागचा न हलता, एकाग्र चित्ताने ज्याने सगळी भजनं ऐकली, असा एक रसिक आम्ही रात्रभर पाहतो आहोत. ‘उत्कृष्ट श्रोता’. आणि त्यांनी शालींच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

मला शाल, नारळ आणि स्टीलचा टिफिन मिळाला. टेम्पोत कुणी बोलत नव्हतं. तुमसर येईस्तोवर बुवांनी धीर धरला.

"वीस वर्सं झाले मी गाऊन रायलो. मले साधं नारळ नाही. अन् तुमाले बसल्या बसल्या?"

मागच्या टेम्पोतून उतरताना सौभाग्यवतीने टिफिन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "बसून राहन्यात तुमचा हात कोन धरनार?" ती म्हणाली. पण झाकण घट्ट बसतं का ते पाहत होती, म्हणजे मनातून खूश होती.

त्यानंतर माझे दिवस पालटले. पंचक्रोशीत बातमी गेली की आंबागडात एक ऐकणारा आहे. चाल बसवणारे, नवीन भजन रचणारे, नातवाला तबला शिकवणारे, सगळे दारात येऊ लागले. "गुरुजी, फक्त ऐकाचं आहे. म्हनाचं नाही." न म्हणण्यावर सगळ्यांचा विशेष भर. कुणी पोहे देतं, कुणी येण्याजाण्याला मोटारसायकल पाठवतं. महाशिवरात्रीला गायमुखच्या जत्रेत तर दोन मंडळांनी माझ्यावरून हुज्जत घातली. एकाने उजवा दंड धरला, एकाने डावा. शेवटी अर्धा तास याचं, अर्धा तास त्याचं असा तोडगा निघाला. ऐकण्याचंही एक तंत्र असतं हे मला त्यातून कळत गेलं. समेवर मान हलवायची नाही, कारण सम कुठे आहे ते मला कळत नाही. त्याऐवजी गाणारा आपल्याकडे पाहील तेव्हा हलवायची. ती नेहमी बरोबर येते.

आमच्या मंडळाने घाईघाईने बैठक घेतली आणि ‘मंडळाचा श्रोता’ असं पद निर्माण करून मला बिनविरोध बसवलं. इतिवृत्तात लिहिलं की सदर सभासद बाहेरच्या मंडळाचं भजन मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय ऐकणार नाहीत. सगळं सुरळीत चाललं होतं. पण पदाला शाल मिळते, पोहे मिळतात, पुढची जागा मिळते हे दिसल्यावर गाव कसं गप्प बसणार? परवाच्या बैठकीत पेटीमास्तर उभे राहिले. म्हणाले, श्रोतेपद एकाच्याच घरी किती दिवस ठेवायचं? फिरतं असावं. तबलजी म्हणाला, मग ज्येष्ठतेनुसार द्या. खंजिरीवाल्याने तरुणांना संधी मागितली. बुवा आतापर्यंत गप्प होते. त्यांनी गाल बदलला.

"गुरुजी ऐकतेत, कबूल आहे. पन त्यायच्या ऐकन्यात भाव नाही. मी ऐकून दाखवतो."

"पण बुवा," सचिव म्हणाले, "तुम्ही ऐकायला बसलात तर म्हणणार कोण?"

यावर मंडळात जी शांतता पसरली तशी आमच्या कोणत्याही भजनानंतर पसरलेली नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग एकेक करून सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्या दिशेने वळू लागल्या. मी माईक कुठे आहे ते पाहिलं. तो माझ्या हाताच्या टप्प्यात होता.

निवडणूक तातडीने रद्द झाली. मी श्रोतेपदावर तहहयात आहे.